तेल तेच होतं, मग धोरण का बदललं?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: मन्रो, ट्रुमन, कार्टर या अमेरिकी अध्यक्षांच्या नावाच्या 'डॉक्ट्रिन' (परराष्ट्र धोरणाची जाहीर सूत्रं) म्हणजे पत्रकार-प्राध्यापकांनी मागाहून लावलेल्या पाट्या. अमेरिका स्वार्थ बघून वागते, भाषणं हा वरचा मुलामा.

पाट्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. 'रेगन डॉक्ट्रिन' हे नाव चार्ल्स क्राउथॅमर या स्तंभलेखकानं १९८५ मध्ये रूढ केलं. मन्रो यांनी २ डिसेंबर १८२३ च्या संदेशात युरोपला दम भरला, की अमेरिका खंडांत नव्यानं पाय रोवू नका, पण तो खरा करण्याएवढं आरमारच अमेरिकेकडे नव्हतं. १८३३ मध्ये ब्रिटननं दक्षिण अमेरिकेजवळची फॉकलंड बेटं घेतली, वॉशिंग्टन गप्प राहिलं.

ट्रुमन यांना मात्र त्याच मापानं मोजू नका. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटननं कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानला मार्चनंतर मदत देणं आम्हाला झेपणार नाही. इकडे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बहुमत रिपब्लिकन पक्षाचं, आणि त्यांना सरकारी खर्चाला कात्री लावायची होती. व्हाइट हाउसमधल्या बैठकीत परराष्ट्रमंत्री मार्शल यांच्या बोलण्यानं नेतेमंडळी फारशी हलली नाहीत. मग त्यांचे उपमंत्री डीन अ‍ॅचिसन बोलायला लागले: पेटीतलं एक सफरचंद नासलं की बाकीची नासतात, तसंच ग्रीस गेलं तर पुढे इराण आणि पूर्वेकडचे सगळे देश. सूर बदलला तो इथे. रिपब्लिकन सिनेटर व्हँडेनबर्ग यांनी सांगितलं, अध्यक्षांनी हेच काँग्रेससमोर मांडावं, पाठिंबा मिळेल.

१२ मार्चला ट्रुमन यांनी दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले, पण शब्द दिला तो दडपणाला विरोध करणाऱ्या जगभरच्या स्वतंत्र जनतेला. परराष्ट्र खात्यातले मुत्सद्दी जॉर्ज केनन यांना नेमकी हीच व्याप्ती खटकली. सोव्हिएत विस्ताराला आवर घाला, असं सांगणारा हा माणूस! मुलामाच असता तर त्यांनी हरकत कशाला घेतली असती? पैसे काँग्रेसकडून काढायचे म्हणून शब्द मोठे झाले, आणि पुढच्या अध्यक्षांना ते शब्द निस्तरावे लागले.

'तेल होतंच, त्यामुळे सैन्य आखातात गेलंच असतं' हे तुमचं वाक्य मला अजिबात पटत नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश फौजा आखातातून निघाल्या तेव्हाही तेल होतं. पण निक्सन यांनी १९६९ मध्ये ग्वाम बेटावर सांगून ठेवलं होतं, की शस्त्रं आणि मदत देऊ, लढायला माणसं मात्र मित्रदेशांनी उभी करायची. त्याच धोरणानं इराणच्या शाहला हवी ती शस्त्रं विकली गेली, अगदी एफ-१४ लढाऊ विमानंसुद्धा. १९७९ मध्ये शाहची सत्ता गेली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तेव्हा कुठे, २३ जानेवारी १९८० ला, कार्टर यांनी जाहीर केलं: बाहेरच्या कोणी पर्शियन आखातावर ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर आम्ही लष्करी बळसुद्धा वापरू. तेल तेच, उत्तरं दोन. अमेरिकेची नजर आखाताकडे का, हे स्वार्थ सांगतो. तिथे स्वतःची माणसं पाठवायची की शाहला पुढे करायचं, हे त्यावरून कळत नाही.

कार्टर यांच्या शब्दांमागे लगेच यंत्रणा उभी राहिली. मार्च १९८० मध्ये लष्कराचं शीघ्र कृती दल स्थापन झालं. निवडणूक प्रचारात कार्टरना झोडपणाऱ्या रेगन यांनी ते गुंडाळलं नाही. उलट १९८३ मध्ये त्यातूनच सेंट्रल कमांड, म्हणजे त्या भागासाठीचं स्वतंत्र लष्करी मुख्यालय, झाली, आणि १९८७ मध्ये कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकी झेंडा चढवून आरमार सोबतीला दिलं गेलं.