अ‍ॅमेझॉनचे आदिवासी ‘जगापासून तुटलेले’ नाहीत, जगाने त्यांना पळवून लावलंय

अंगाला लाल रंग फासलेली माणसं विमानावर बाण रोखून उभी आहेत, असा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. सोबतच्या मजकुरात म्हटलेलं असतं की या जमाती अश्मयुगात राहतात, त्यांनी बाहेरचा माणूस कधी पाहिलेला नाही, त्यांच्या जंगलालाही माणसाचा हात लागलेला नाही. शेवटी सल्लाही असतो: मूठभर लोकांसाठी एवढी जमीन कशाला अडवायची, आणा त्यांना मुख्य प्रवाहात.

फोटो खरा आहे. तो २००८ सालचा, ब्राझीलच्या आक्रे राज्यातला, पेरूच्या सीमेलगतचा. पण तो काही नव्या शोधाचा पुरावा नाही. ब्राझीलच्या ‘फुनाई’ या आदिवासी खात्याला ही माणसं आधीपासून माहीत होती. असे आदिवासी म्हणजे पर्यावरणवाद्यांनी उभं केलेलं चित्र आहे, असं पेरूचे तेव्हाचे अध्यक्ष आलान गार्सिया यांनी २००७ मध्ये लिहिलं होतं. ते आहेत, हे दाखवायलाच फोटो बाहेर आला.

‘बाहेरचा माणूस पाहिलाच नाही’ हे तर संतापजनक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला रबर हवं झालं आणि ते गोळा करायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या लोकांना गुलाम केलं गेलं. ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट १९१० मध्ये पुतुमायो नदीच्या खोऱ्यात चौकशीला गेले, तेव्हा त्यांना चाबकाचे वळ उमटलेल्या पाठी दिसल्या आणि उपासमारीच्या, खुनांच्या हकिकती ऐकायला मिळाल्या. पेरूतल्या मानू नदीवर १८९४ मध्ये फित्सकराल्द या रबरसम्राटाच्या माणसांनी माश्को या आदिवासी लोकांची कत्तल केली. वाचले ते नद्यांच्या उगमाकडे, सहज कुणी पोचणार नाही अशा रानात निघून गेले.

आज माश्को पीरो म्हणतात, ते त्यांचेच वंशज मानले जातात. २०१३ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माश्को पीरो लास पिएद्रास नदीच्या काठी, मोंते साल्वादो गावासमोर आले. गाव यीने या दुसऱ्या आदिवासी जमातीचं, आणि दोघांच्या भाषा इतक्या जवळच्या की नदीपलीकडून बोलणं झालं. त्यांनी केळी, दोर आणि कोयते मागितले. केळं मूळ आशियातलं, अमेरिकेत गेलं ते युरोपीयांबरोबर, कोयता लोखंडाचा. यात अश्मयुग कुठे आहे?

आता ‘हात न लागलेलं’ जंगल. अ‍ॅमेझॉनची माती एरवी निकस, पण नद्यांच्या काठी जागोजागी काळीभोर सुपीक माती सापडते. उकरली की तिच्यात कोळसा, माशांची हाडं आणि खापरांचे तुकडे निघतात. ती माणसांनी, पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून घडवलेली आहे. शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातले कुइकुरो लोक आजही राख, माशांचे अवशेष आणि कसाव्याची सालं घराच्या मागे टाकून अशी माती तयार करतात. हा कसावा माणसाने लागवडीखाली आणला तोही अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्य भागातच, असं मानलं जातं. आपला उपवासाचा साबुदाणा त्याच कंदाचा. इक्वाडोरमधल्या उपानो खोऱ्यात तर दोन हजार वर्षांपूर्वीचे रस्ते, चौथरे आणि शेतं झाडीखाली सापडली. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

मुख्य प्रवाहाचं म्हणाल तर ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख आदिवासी नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त राखीव प्रदेशांबाहेर राहतात. सोनिया गुआजाजारा ही आदिवासी बाई २०२३ मध्ये तिथे मंत्री झाली. प्रश्न उरतो तो दूर राहणाऱ्या थोड्या गटांचा. सत्तरच्या दशकात माटिस या आदिवासी लोकांशी ब्राझील सरकारने संपर्क केला आणि काही वर्षांत त्यांची निम्म्याहून अधिक माणसं साथींनी गेली. म्हणून १९८७ मध्ये ब्राझीलने धोरण बदललं: आपण होऊन संपर्क करायचा नाही. ते बदलायला लावणाऱ्या फुनाईच्या सिद्नेय पोसुएलो यांच्यासारख्या लोकांनी आधी स्वतःच असे संपर्क घडवून आणले होते.

राहिली जमीन. ब्राझीलच्या संविधानाप्रमाणे ती मालकीने सरकारची, वापरायचा हक्क आदिवासींचा. १९९० ते २०२० या काळात आदिवासी प्रदेशांतली सुमारे १ टक्का नैसर्गिक वनराई गेली, खासगी जमिनींवरची २० टक्क्यांहून अधिक. आणि ब्राझीलमधल्याच यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात हजारो सोनं काढणारे बेकायदा घुसले, नद्यांत पारा सोडला, मलेरिया पसरवला. मुलं उपासमारीने मरू लागली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.