पाळीव पोरकिडे

किडे मागायला आलेल्या माणसाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, याचा अनुभव मी नोव्हेंबर महिन्यात घेतला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘तापमानाचा कीटकांच्या वाढीवर होणारा परिणाम’ हा विषय मी निवडला, तो केवळ या समजुतीने की धान्यातला किडा घरोघरी असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो घरोघरी असतो, हे खरेच आहे. पण असतो म्हणजे मिळतो, असे मुळीच नाही.

मुलांना मी घरून थोडे किडे आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी 35 मुलांपैकी एकाकडेही किडा नव्हता. तीन आयांचे निरोप मात्र होते. ‘आमच्यात किडं नाहीत म्हणून सांग सरांना,’ हा त्यांतला सौम्य निरोप. एका माउलीने तर पुरावा म्हणून मूठभर निवडलेला गहू कागदाच्या पुडीत बांधून पाठवला होता. घरी आईला हा प्रकार सांगितला, तेव्हा ती सूप हातात धरून गहू पाखडत होती. पन्नास वर्षे जे किडे तिने उंबऱ्याबाहेर काढले, तेच तिचा मुलगा पगार घेऊन घरात आणू पाहत होता. ‘पोसायला दुसरं काही मिळालं नाही व्हय रे?’ एवढेच ती म्हणाली.

शेवटी एका मुलाने आगपेटीतून साठेक किडे आणले. त्याच्या आजीला दिसायला कमी होते, म्हणून हे शक्य झाले, असे तो अभिमानाने म्हणाला. ते आम्ही पिठात सोडले आणि दोन आठवडे वाट पाहिली. एकही अळी दिसली नाही. त्या किड्यांच्या डोक्याला पुढे बारीक सोंड होती, तेथेच मी शहाणा व्हायला हवे होते. हे सोंडे. यांची मादी अख्ख्या दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. पिठाच्या ढिगावर बसवलेल्या त्या बिचारीला अंडे घालायला अख्खा दाणाच नव्हता. ‘सोंडं पिठात कधी होतात काय?’ असे आईने विचारले. तोवर मी तीच माहिती दोन रात्री वाचून मिळवली होती.

आम्हांला हवे होते ते पिठातले तांबडे भुंगेरे, तीन-चार मिलिमीटर लांबीचे, आणि ते मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे पिठाची गिरणी. गिरणीवाल्याने आधी मला तपासणीला आलेल्या साहेबांचा माणूस ठरवले, मग शपथेवर सांगितले की त्याच्या गिरणीत किडा औषधालाही नाही, आणि रात्री शटर अर्धे ओढून घेतल्यावर जात्याखालच्या केराची एक पिशवी, आपल्या दोघांतच राहू दे अशा खुणेने, माझ्या हाती दिली. पिशवीत दोन-अडीचशे भुंगेरे वळवळत होते.

पुढची मांडणी सोपी होती. 95 भाग गव्हाचे पीठ, 5 भाग बेकरीतून आणलेले यीस्ट, काचेच्या तीन बरण्या आणि प्रत्येकीत 40 भुंगेरे. काच स्वच्छ असली की या किड्यांना तिच्यावर चढता येत नाही, म्हणून तोंडाला फडके पुरते. एक बरणी खिडकीत. दुसरी थंड हवी होती, पण शाळेत फ्रिज नाही आणि घरच्या फ्रिजचा विषय काढताच त्याला बाहेरून कुलूप बसवता येते का, याची आईने चौकशी सुरू केली. तेव्हा मोठ्या कुंडीत लहान कुंडी, मधल्या जागेत ओली वाळू आणि वाळूला दिवसातून दोनदा पाणी, असा देशी फ्रिज झाला. त्यात पारा 18 ते 20 च्या दरम्यान राही. तिसरी बरणी गरम हवी, म्हणून लाकडी खोक्यात बल्ब लावला, तर तासाभराने खोके लख्ख उजळलेले आणि गारठलेले. एलईडी बल्बची ऊब पिल्लालाही पुरत नाही. जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब अखेर एका कोंबड्यांच्या शेडमधून उसना मिळाला.

वीज गेली की तो बल्बही जाई. मग एक मुलगा घरून घोंगडी आणून खोक्याभोवती गुंडाळी. या मुलाने स्वतःचा स्वेटर कधी वेळेवर घातल्याचे मला आठवत नाही.

मोजदाद दर शनिवारी होई. चाळणीतून पीठ गाळायचे, अळ्या रंगाच्या ब्रशाने बाजूला करायच्या आणि शिंक दाबून धरायची, कारण एका शिंकेत 11 अळ्यांचा हिशेब बिघडल्याची नोंद आमच्या वहीत आहे. पहिल्या आठवड्यानंतर जोडप्यांना बाहेर काढावे लागले, कारण हे आईबाप स्वतःचीच अंडी खातात. गरम बरणीतले पीठ हळूहळू गुलाबीसर झाले आणि त्याला एक उग्र वास येऊ लागला. तो या किड्यांच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनाचा असतो. पीठ कुजले, असे समजून मुख्याध्यापकांनी ते दोनदा टाकून द्यायला सांगितले.

महिनाभरात गरम बरणीत नवे भुंगेरे फिरू लागले, खिडकीतल्या बरणीत अजून अळ्याच होत्या आणि थंड बरणीत चार-दोन बारीक दोरे सुस्त पडले होते. असे का, हे समजावताना मला आमच्या भागात घरोघर ओळखीची असलेली पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरण्याची बचत योजना, उपयोगी पडली. किड्याचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. तो रोज बाहेरच्या उबेची पिग्मी भरतो. गरम दिवशी हप्ता मोठा, थंड दिवशी लहान, आणि एका ठरावीक पाऱ्याखाली हप्ता शून्य. रक्कम पुरी झाली की खाते पिकते आणि कोषातून भुंगेरा बाहेर येतो. रेओम्युर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1735 मध्ये उबेची अशी बेरीज मांडली. ‘सर, पिग्मीवाला आजारी पडला तर?’ असे एका मुलीने विचारले. वीज गेली तर, असा त्याचा अर्थ होता, आणि प्रश्न बिनतोड होता.

जानेवारीत तपासणीला साहेब आले. ‘एन्री सर इदु, हुळा?’ म्हणजे ‘हे काय सर, किडे?’ असे त्यांनी खोक्याकडे बोट दाखवून कन्नडमध्ये विचारले. मी ‘हौद्री’, म्हणजे ‘होय जी’, म्हणून उत्साहाने खोके उघडले आणि बरणीवरचे फडके काढले. पिठात कोणीतरी ब्रश उभा खोचून ठेवला होता, तो मला दिसला नाही. भुंगेऱ्यांना मात्र दिसला. एक भुंगेरा दांडीच्या टोकापर्यंत चढला, थांबला, पाठीवरची टणक झाकणे त्याने मोटारीच्या दारांसारखी उघडली, आतले पातळ पंख उलगडले आणि तो निघाला. मागोमाग दुसरा आणि मग रांगच. हे तांबडे भुंगेरे ऊब मिळाली की उडतात, हे वाक्य मी त्या रात्री वाचले. एक साहेबांच्या फाइलवर उतरला, एक चहात. ‘सर, उडायलेत की!’ असे ओरडत त्या पिग्मीवाल्या मुलीने आधी तापमापीकडे धाव घेतली आणि वहीत 34 अंश लिहिले.

भेटवहीत साहेबांनी कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या. पहिलीत वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कौतुक होते, दुसरीत शाळेतील धान्यसाठ्याची कीड तपासावी, अशी सूचना. मुख्याध्यापकांनी मला भाषांतर करून दिले ते फक्त दुसरीचे.

शाळेतले दुपारचे जेवण, म्हणजे बिसियूट, शिजवणाऱ्या अक्कांनी तांदळाची सहा पोती मैदानात ताडपत्रीवर पसरली आणि त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलल्या: ‘तुमच्या लेकरांनी माझं नाव घालवलं, सर.’ मुलांनी तांदळात तापमापी खुपसली. दुपारी 1 वाजता पारा 44 वर होता. या उन्हात किडे सावलीकडे पळतात आणि 50 च्या वर तर फार काळ तगत नाहीत. आमच्या आलेखाचा उजवा, जास्त तापमानाचा भाग कोराच होता. तो अक्कांनी भरला, आणि आईला तो लहानपणापासून पाठ होता.

प्रदर्शनात आम्हांला उत्तेजनार्थ मिळाले. पहिला क्रमांक खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीला गेला; तो दरवर्षी त्यालाच जातो.

थंड बरणीवर मुलीने चिठ्ठी चिकटवली होती: ‘थंड. वाढ नाही.’ ती बरणी मी कुंडीतून काढून कपाटात ठेवली आणि विसरलो. एप्रिलमध्ये सुट्टी लागली, मे महिना तापून गेला. जूनमध्ये नवी पाठ्यपुस्तके ठेवण्यासाठी मुख्याध्यापकांनी कपाट उघडले, तेव्हा चिठ्ठी जागेवर होती, बरणीवरचे फडके उंदराने कुरतडलेले होते आणि आतले पीठ चांगले गुलाबी झाले होते. कोठीची किल्ली न्यायला आलेल्या अक्का दारातच थांबल्या. त्यांनी बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मग मैदानाकडे पाहिले, जेथे पहाटेपासून पाऊस कोसळत होता.