गाणं लागता कामा नये

घरात गाण्यांची डिजिटल व्यवस्था बसवायला निघालात, उत्तम. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: तुमच्याशिवाय ती घरातल्या कुणालाही चालवता येता कामा नये. जिथे कुणीही उठून गाणं लावू शकतं, त्या घरात तुम्हाला विचारतो कोण? इतकी वर्षं वाचून-बघून जमवलेलं ज्ञान असं वाऱ्यावर सोडू नका.

आधी शत्रू ओळखा. पहिला शत्रू जुना रेडिओ. त्याचा कान पिळला की खट्‌ आवाज व्हायचा आणि तो बोलायला लागायचा. आणखी पिळला की मोठ्याने बोलायचा. चालू-बंद आणि आवाज, दोन्ही एकाच कानात, आणि तो कान अंधारातही हाताला लागायचा. कॅसेट त्याहून घातकी. १९६३ साली आलेली ही डबी, पण आज जिथे थांबवाल तिथूनच उद्या सुरू व्हायची. तिला ना खातं लागायचं ना पासवर्ड. कुठपर्यंत ऐकलं हे फीतच लक्षात ठेवायची. असल्या सवयी लागलेल्या माणसांशी तुमची गाठ आहे.

तेव्हा सुरुवात बटणांपासून करा. सोपं म्हणजे कमी बटणं, असं कुणीतरी म्हणून ठेवलंय, त्याचा पुरेपूर फायदा घ्या आणि एकच बटण असलेला स्पीकर आणा. एकदा दाबलं की गाणं सुरू, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं. दाबून धरलं की ब्लूटूथ, आणि जास्त वेळ धरून ठेवलं की सगळं पुसून कारखान्यातून आल्यासारखा कोरा. थरथरत्या बोटाने एकदा दाबलेलं दोनदा पडतं, हा वरचा नफा. सोबत एकच दिवा असावा. तो भराभर लुकलुकला तर एक अर्थ, सावकाश लुकलुकला तर दुसरा, आणि स्थिर राहिला तर तिसरा. हे अर्थ माहितीपत्रकात दिलेले असतात, आणि माहितीपत्रक नेटवरून उतरवून घ्यायचं असतं.

वायफायला दोन नावं द्या, आणि पाहुण्यांसाठी एक तिसरं. आईचा फोन पाहुण्यांच्या जाळ्यावर टाका. त्या जाळ्यावरच्या फोनला घरातली बाकीची उपकरणं सहसा दिसत नाहीत. ते बनवलेलंच त्यासाठी असतं. म्हणजे स्पीकर आईच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर, आणि फोन म्हणणार, ‘एकही उपकरण सापडलं नाही.’ आई फोनकडे बघते, मग स्पीकरकडे बघते, मग चष्मा पुसते. दोष आपल्याच डोळ्यांचा असणार, अशी तिची खात्री असते. ही खात्री मोडू नका, तिच्यावरच तर हा सगळा धंदा उभा आहे.

पण तुमचा खरा बालेकिल्ला म्हणजे गाण्यांची यादी. साध्या माणसाच्या डोक्यात गाणं कसं असतं? ‘ते हो, सुरुवातीला बासरी आहे ते.’ यंत्राच्या डोक्यात मात्र ते अल्बम, कलाकार, ट्रॅक क्रमांक असं असतं. या दोन डोक्यांची भेट होऊ देऊ नका. काम सोपं आहे, कारण इतिहास तुमच्या बाजूने आहे. सीडीवर सहसा गाण्यांची नावंच नसतात, ती नेटवरून आणावी लागतात. नेट बंद ठेवून सीड्या भरल्यात तर ‘ट्रॅक ०१’ नावाची जितक्या सीड्या तितकी गाणी मिळतात. एमपीथ्री फाइलला नाव चिकटवायची सोय १९९६ साली निघाली, तेव्हा फाइलच्या शेपटाला १२८ बाइटची जागा ठेवली होती आणि त्यातले गाण्याच्या नावाला ३०. अक्षरं साठवायच्या आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून. दहा चिन्हांत नाव आटोपायचं म्हणजे मुखडाही पुरा होत नाही. अर्थात त्या शेपटात देवनागरी बसवायची असं कुणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळे जुन्या फाइलींत आपल्या गाण्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पुढे युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्या, झेपणारे ऐसपैस टॅग, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, आले. ते भरायला बसू नका, एक रविवार वाया जातो.

एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी राहू द्या, यादीत तीन गायिका होतात. निवडक गाण्यांच्या एका अल्बमचे चौदा अल्बम आपोआप होतात, प्रत्येकात एक गाणं. आणि द्वंद्वगीत? ते दोघांपैकी कुणाच्याच नावाखाली सापडत नाही. दोघांची नावं जोडून एक तिसराच कलाकार तयार झालेला असतो, त्याच्याकडे ते असतं.

एवढं करूनही कुणी ‘जरा गाणं लाव ना’ म्हणालंच, तर आधी दर्जा समजावून सांगा. १९८२ साली बाजारात आलेली सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते आणि माणसाच्या कानाची सुमारे २०,००० हर्ट्झची मर्यादा तेवढ्यात आरामात बसते. तुम्ही १,९२,००० नमुन्यांचीच फाइल घ्या. वय वाढतं तसं उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होत जातं, तेव्हा सत्तरीतल्या वडिलांसाठी तर ही फाइल अत्यावश्यक. ‘जरा मोठ्याने कर’ एवढंच म्हणतात बिचारे. समज नाही.

ब्लूटूथबद्दल फार लिहीत नाही. गाणं फोनमधून येतं, त्यामुळे फोनवाला घराबाहेर पडला की गाणंही त्याच्याबरोबर जातं. बाकीच्यांनी अर्ध्या अंतऱ्यावर थांबायचं.

राहिलं अपडेट. ते रात्री, सगळे झोपल्यावर, आपोआप होऊ द्या. याचं मोल मला मागच्या महिन्यात कळलं. मी चार दिवस बाहेरगावी होतो आणि सकाळीच आईचा फोन आला.

“अरे, निळं लुकलुकतंय.”

“भराभर की सावकाश?”

“भराभर म्हणजे किती?”

“ते जाऊ दे. ॲप उघड. वर डावीकडे तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाब.”

“इथे घर आहे.”

“घर नको, रेघा.”

“घर आहे, भिंग आहे, माणसाचं डोकं आहे. रेघा नाहीत.”

“असं कसं? काल होत्या ना?”

“काल होत्या. माझ्या वहीतही आहेत.”

आईची वही आहे. मीच सांगितलेल्या अकरा पायऱ्या तिने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या आहेत. तीन रेघा चौथ्या पायरीवर काढून दाखवल्या आहेत, पट्टीने. रात्रीतून ॲपमधून त्या रेघा गेल्या आणि वही एका फटक्यात निकालात निघाली. आम्ही पंचवीस मिनिटं झटलो. शेवटी ती म्हणाली, “राहू दे, तू तुझं काम कर. मला ते गाणं पाठ आहे तसंही.”

व्यवस्था एवढी पक्की असताना गड पडला कसा, हे सांगायला हवं, म्हणजे तुम्ही सावध राहाल. मी परत आलो तर घरात गाणं चालू. माझ्या गैरहजेरीत भाची येऊन गेली होती, वय वर्षं चौदा. कपाटात पडलेला मूळ रिमोट तिने शोधून काढला आणि त्यावरच्या सत्तावीस बटणांपैकी तिघांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले: चालू-बंद, आवाज वाढव, आवाज कमी कर. आजीला बसवून तिची आवडती साठेक गाणी एका यादीत टाकली. चालू केलं की तीच यादी, आणि काल थांबली तिथूनच पुढे, हेही सेटिंगमध्ये निघालं. मला ते कधी शोधावंसं वाटलं नव्हतं. वहीतल्या अकरा पायऱ्यांवर फुली मारून खाली एकच ओळ लिहिली होती: ‘वरचा लाल ठिपका.’

तेव्हापासून मला घरून एकही फोन नाही. वडील स्वतः आवाज वाढवतात, आणि नको इतका वाढवतात.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मूळ रिमोट पहिल्याच दिवशी हरवून टाका. बदली रिमोट घ्यायचाच झाला तर बिनबटणांचा, नुसती गुळगुळीत काच असलेला घ्या. काचेवरही ठिपका देता येतो म्हणा. देऊ द्या. पुढच्या अपडेटपर्यंत तो बरोबर जागी असेल.