किती टूल्स झाले?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे सरकावं.

मुलांच्या डिजिटल आर्टच्या प्रोजेक्टचे मार्क आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दिलेले. माझ्या मते वर्गातलं जे सगळ्यात चांगलं काम, त्याला पासापुरते. शेजारी शेरा : 'टूल्सचा वापर कमी. इफेक्ट्स नाहीत.' परीक्षकांच्या हातात एक छापील तक्ता असतो. ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा रंग) वापरला का, ड्रॉप शॅडो (आकारामागची सावली) दिली का, मजकूर वळणावर बसवला का, मास्किंग (चित्राचा नको तो भाग झाकणं) केलं का. बरोबरच्या खुणा करत जायचं आणि खाली बेरीज मारायची. हे काम कुणासाठी केलंय आणि त्या माणसाला ते कळलं का, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही!

काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल.

मी मुलांना एवढंच सांगितलं होतं की ओळखीतल्या एका खऱ्या माणसासाठी काहीतरी बनवा, त्याने ते खरंच वापरलं पाहिजे. एका मुलीने आजीसाठी गोळ्यांचा तक्ता करायला घेतला. आजीला वाचता येत नाही, गोळ्यांचा रोज घोळ होतो. मुलीने चार रकाने केले. सकाळला उगवता सूर्य, दुपारला पूर्ण सूर्य, संध्याकाळला मावळता सूर्य आणि रात्रीला चंद्रकोर. देखणं झालं होतं. वर्गात सगळ्यांनी वाहवा केली आणि ती प्रिंट घेऊन घरी गेली.

आजीने बघितलं आणि विचारलं, "सकाळचं दोनदा का काढलंस?"

उगवणारा आणि मावळणारा सूर्य चित्रात एकच दिसतो. आडव्या रेषेवर अर्धं केशरी वर्तुळ. वर्गातल्या एकालाही ते खटकलं नव्हतं, कारण आम्ही सगळे वरचं 'सकाळ', 'संध्याकाळ' वाचत होतो. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला पहिल्या नजरेत दिसलं. चिन्ह म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं मी तरी कुठल्या तासाला शिकवू शकणार नाही.

मग बघायला हवं होतं त्या पोरीला! सूर्य-चंद्र सगळे काढून टाकले. आजी त्या त्या वेळी काय करते ते काढलं. दात घासायचा ब्रश, जेवणाचं ताट, पेटलेला दिवा, पलंग. गोळ्यांची चित्रं काढली ती खऱ्या मापात. दोन पांढऱ्या गोल गोळ्यांत फरक फक्त आकाराचा होता, म्हणून आजीने गोळी चित्रावर ठेवायची, बरोबर झाकली गेली तर तीच. ही कल्पना तिची, माझी नाही. पहिल्या प्रिंटमध्ये माप जुळेना. कारण प्रिंट करताना 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं आणि सगळं पान थोडं आक्रसलं होतं. मिलिमीटर, आर्टबोर्डचं म्हणजे चित्राच्या पानाचं माप, शंभर टक्के स्केल हे शब्द मी एरवी फळ्यावर लिहिले असते आणि पोरं ते वहीत उतरवून विसरली असती. ती माझ्यामागे लागून शिकली, कारण घरी गोळी चित्रावर बसत नव्हती.

परीक्षकांना म्हणे टूल्सचा वापर कमी दिसला.

अहो, पहिल्याच खेपेला चंद्रकोर काढायला तिने एका वर्तुळातून दुसरं वर्तुळ वजा केलं. ते कसं करायचं हे ती स्वतः विचारायला आली होती. पाथवर, म्हणजे आकारांच्या बाह्यरेषांवर, करायच्या त्या क्रिया मी पूर्वी अख्खा तास घेऊन शिकवायचे. मुलं मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. चंद्रकोर हवी असली की ती क्रिया एका मिनिटात डोक्यात जाते आणि तिथेच राहते. बाराखडी पाठ झाली म्हणून कुठलं मूल बोलायला लागत नाही, ते आधी बोलतं आणि बाराखडी मागून येते. आपण मात्र या विषयात मेनूतल्या ओळी पाठ करून घेतो आणि त्याला शिक्षण म्हणतो.

रंगांचंही तेच. एक गोळी पिवळी होती. पांढऱ्या कागदावर ती दिसेचना, त्यात आजीची नजर अधू. शुद्ध पिवळ्या आणि पांढऱ्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्याचा फरक, जेमतेम 1.07 : 1 भरतो. साध्या मजकुराला किमान 4.5 : 1 हवा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. हे आकडे मी तिला नंतर सांगितले. तोवर तिने मागे गडद निळा पट्टा टाकून बघितलाही होता. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की तोच पिवळा निळ्यावर वेगळाच दिसतो. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स रंगीत कागदांचे तुकडे देऊन विद्यार्थ्यांकडून नेमकं हेच करून घ्यायचे, एक रंग दोन रंगांसारखा दाखवा म्हणून. ते फोटोशॉपच्या कितीतरी आधीचं. डिझायनर सुझन केअर यांनी 1984च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हं चौकटीच्या कागदावर काढली होती, 32 बाय 32 चौकटी, काळा आणि पांढरा एवढंच. कुठला ग्रेडियंट होता त्यांच्याकडे? त्या तक्त्याने मोजलं तर सुझन केअरही काठावर पास!

बरं, टूल्स यायलाच हवेत. मान्य आहे. वळणदार रेषा काढायचं पेन टूल हाताला बसायला चिकाटीचा सराव लागतो, रेषेला वळण देणारं हँडल कुठे ओढायचं ते नुसत्या कल्पनेने येत नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाचा वेगळा प्रोजेक्ट सांभाळताना शिक्षकाचा जीव जातो, तेही मान्य. आणि सर्जनशीलतेच्या नावाखाली काहीही खपवणारे असतात, त्यांना आवर घालायला काहीतरी निकष लागतात. लागतात ना, मग बरे निकष करा! पहिला आराखडा आणि शेवटचा आराखडा शेजारी ठेवा आणि मधे काय बदललं, का बदललं ते मुलाला विचारा. उत्तर देताना त्याचा चेहरा बघा. ज्याने कुणाचं तरी ट्युटोरियल बघून जसंच्या तसं केलंय तो दोन प्रश्नांत गडबडतो.

वर्गात एकाने गुळगुळीत, चकचकीत पोस्टर केलंय. चकाकणारी अक्षरं, मागे आकाशगंगा, सगळे इफेक्ट्स. त्याला भरघोस मार्क मिळाले. पोरगा हुशार आहे, त्याच्यावर राग नाही. पण पोस्टर कशाबद्दल आहे विचारलं तर त्याला धड सांगता आलं नाही. आणि त्याला शिकायला मिळालं काय, तर हेच की असंच करायचं असतं. नुकसान त्याचंही झालं.

'आता एआय सगळं करून देतं, मग शिकवायचं तरी कशाला' असं म्हणणारे खाली येतीलच. त्यांना एवढंच सांगते की सुंदर सूर्यास्त त्याच्याकडून मिनिटात मिळेल. पण आजीला तो सूर्योदय वाटला हे कळायला कुणीतरी आजीसमोर जाऊन बसावं लागतं.

परीक्षकांबद्दल थोडं जास्तच बोलले असेन. त्यांच्यासमोर फायलींचा ढीग असतो, मिनिटभरात एक काम उरकायचं असतं, तक्ताही त्यांनी बनवलेला नसतो. पण मला खरं लागलं ते पुढचं. मार्क बघून ती मुलगी माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, गोळ्यांना ड्रॉप शॅडो दिली तर कडा मोठी दिसेल आणि आजीचं माप चुकेल. तरी पुढच्या वेळी मार्कांसाठी देऊ का?"

सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी? या पोरीला कळलंय की सावली कधी द्यायची नसते. हे कळायला कामात वर्षं घालवलेल्या लोकांनाही वेळ लागतो. मी म्हटलं देऊ नकोस. मार्कांचं मी बघते. आता ते बघायचं म्हणजे कुणाकुणाच्या दारात जायचं ते माझं मी ठरवेन. फेरतपासणीचा अर्ज लिहून ठेवलाय. सोबत दोन्ही प्रिंट जोडणार आहे, पहिली आणि शेवटची, म्हणजे ज्याला बघायचं त्याला बघता येईल.

आणि हो, पुढच्या सत्रातही प्रोजेक्ट असाच असणार आहे. तुमच्या ओळखीत कुणाला तक्ता, फलक, फॉर्म, सूचनापत्रक असं काही हवं असेल, किंवा आहे ते कळत नसेल, तर मला निरोप पाठवा. मुलं करून देतील, पैसे नकोत. पण पहिला आराखडा आला की त्या माणसाने तो वापरून बघायचा आणि कुठे अडलं ते मुलांना तोंडावर सांगायचं. 'छान आहे' म्हणून परत पाठवणार असाल तर नका देऊ.