खाजकुयलीचं चूर्ण घ्या आणि गोळ्या बंद करा?

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण रोज दोन चमचे धारोष्ण दुधातून घ्या, कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळ्या बंद करा, आजार मुळासकट जातो. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

मुळासकट जात नाही. या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं, म्हणजे गोळीत असतं तेच औषध. मेंदूत पोचल्यावर त्याचं डोपामिन बनतं, आणि हालचालीला तेच लागतं. ताठरपणा काही तास सुटतो, पण मेंदूतल्या पेशींची झीज चालूच राहते.

अपाय नाही, हे तर साफ चुकीचं. सपाट चमचा ३ ग्रॅमचा धरला तर त्यात १२० ते १८० मिलिग्रॅम लेव्होडोपा येतं. नुसतं चूर्ण घेतलं तर त्यातलं बरंचसं मेंदूत पोचण्याआधीच डोपामिन बनतं. मळमळतं, उठताना रक्तदाब पडतो. ही गळती अडवायला सिन्डोपा ११० या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाबरोबर १० मिलिग्रॅम कार्बिडोपा घातलेलं असतं. गोळी चालू ठेवून वर चमचाभर चूर्ण घेतलं की तेच कार्बिडोपा चूर्णातलं औषधही मेंदूपर्यंत पोचवायला मदत करतं. एका वेळचा डोस दुपटीच्या पुढं जातो. मग हातपाय आपोआप वळवळतात, भास होतात, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला.

दुधातून घेणं तर उलटंच. दुधातली प्रथिनं लेव्होडोपाची वाट अडवतात, आतड्यात आणि मेंदूच्या दारातही. पांढऱ्या रश्श्यासोबतच्या मटणाचंही तेच. लेव्होडोपा घ्यायचं ते जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर.

डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. अमेरिकेत खाजकुयलीची १६ उत्पादनं तपासली, तेव्हा एका मात्रेत २ पासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत लेव्होडोपा निघालं. लक्ष्मीपुरी बाजारातून आणलेल्या सुट्या चूर्णावर तर आकडाच नसतो.

लंडनमध्ये २००४ साली ८ रुग्णांवर खाजकुयलीची चाचणी झाली. ३० ग्रॅमच्या एका मात्रेचा असर गोळीपेक्षा लवकर आला. पण ती देखरेखीखाली दिलेली एकेक मात्रा होती. त्यावरून रोजचा चमचा ठरत नाही. गोळ्या एकदम तोडल्या तर तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

तरी करून बघायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगून. आधी दोन आठवडे काहीही न बदलता वही ठेवा: दर अर्ध्या तासाला हालचाल मोकळी, अडलेली की वळवळ. रोज एकाच वेळी खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला लागलेले सेकंद लिहा. रक्तदाब झोपून घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं घसरला तर लगेच कळवा. चूर्ण सुरू झाल्यावर दुसरं काहीही बदलू नका. नवा डबा उघडला की त्याची तारीख वहीत टाका, कारण त्याच दिवसापासून डोस बदललेला असू शकतो.