कामाला बाई, खुर्चीला सर

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. पुढे रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार, धनंजयराव गाडगीळ, वसंत गोवारीकर... एकेक नाव घ्यावं आणि हात जोडावेत. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, तेव्हा आम्हा प्राध्यापिकांना कोण आनंद झाला होता! पण त्या विद्यापीठात आजवर एकही बाई पूर्णवेळ कुलगुरू झालेली नाही.

'काळच तसा होता हो' असं कोणी म्हणेल. त्याच १९४९ साली बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. मुलामुलींचं एकत्र विद्यापीठ, बायकांपुरतं नव्हे. काळ तोच होता.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे 'लायक बायका मिळायला हव्यात ना!' मुंबई विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळाल्या की, स्नेहलता देशमुख. लहान मुलांच्या सर्जन, सायन हॉस्पिटलच्या माजी डीन. गुणपत्रिकेवर वडिलांबरोबर आईचंही नाव यावं हा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतला. अमरावतीला कमल सिंह मिळाल्या, सोलापूरला मृणालिनी फडणवीस, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आधी मृदुला फडके आणि मग थेट लष्करातून निवृत्त झालेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर. २०२२ मध्ये जेएनयूला पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या, शांतिश्री पंडित. त्या कुठे शिकवत होत्या? पुणे विद्यापीठात, राज्यशास्त्र विभागात! त्यांची मतं मला पटतात की नाही हा मुद्दा इथे नाही. (कमेंटमध्ये तो वाद नको, प्लीज.) पुण्यातली प्राध्यापिका दिल्लीत कुलगुरू होऊ शकते, एवढंच दाखवायचंय.

पण माझं खरं दुखणं कुलगुरूपदाचं नाहीच. तिथवर जाणारी माणसं मोजकी. माझं म्हणणं साध्या अनुदानित महाविद्यालयातल्या प्राचार्यपदाबद्दल आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर प्राध्यापकांमागे ४३ बायका आहेत. आता आपापल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या पाट्या आठवून बघा.

ही गळती कुठे होते ते आत काम करणाऱ्याला नीट माहीत असतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्य व्हायला पीएचडी, पंधरा वर्षांची सेवा, किमान दहा शोधनिबंध आणि ११० चा रिसर्च स्कोअर (संशोधनाचे गुण) लागतो. त्याआधी वरच्या श्रेणीत जायला ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे शिक्षकांचे प्रशिक्षणवर्ग करावे लागतात. आता ते ऑनलाइन होतात, पण माझ्या पिढीला तीन-चार आठवडे परगावी जाऊन राहावं लागायचं. तान्हं मूल असलेली बाई ते पुढच्या वर्षावर ढकलायची, मग त्याच्या पुढच्या. तिच्याबरोबर लागलेला सहकारी तोवर असोसिएट प्रोफेसर झालेला असायचा. कोणी मुद्दाम अन्याय केला असं दाखवता येत नाही, पण सेवाज्येष्ठतेच्या यादीत ती कायमची दोन पायऱ्या खाली.

आणि मग नॅक येतं, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची तपासणी. नॅकचं काम कोणाकडे? 'मॅडम, तुमचं काम नीटनेटकं असतं.' आयक्यूएसीच्या (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) खोलीत संध्याकाळी सातपर्यंत बसून पाच वर्षांचे जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो गोळा करायचे, प्रत्येक विभागाच्या मागे लागून माहिती मिळवायची, रात्री घरून एसएसआरचा, म्हणजे नॅकला द्यायच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा, मजकूर दुरुस्त करायचा. शिवाय अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष आपणच, कारण तिथे बाई असणं कायद्याने बंधनकारक आहे. या सगळ्याचे रिसर्च स्कोअरमध्ये गुण किती? शून्य. निबंध लिहायचे ते कधी, तर दिवाळीच्या सुट्टीत, फराळ उरकल्यावर.

नॅकची समिती येण्याच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतो: 'सर्व मॅडमनी उद्या काठापदराची साडी, शक्यतो मोरपंखी.' दारात औक्षणाचं तबक घेऊन कोण, तेही आधीच ठरलेलं. आत प्रेझेंटेशन द्यायला प्राचार्य सर. स्लाइड मॅडमनी केलेल्या, पण समितीने आकड्यावर प्रश्न विचारला की सरांची मान मागे वळते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यातल्या एकीने मागच्या खुर्चीवरून उत्तर दिलं, समितीने मान डोलावली आणि सर 'टीमवर्क' म्हणाले.

बाईला प्रमुख करतच नाहीत असंही नाही बरं का. प्रभारी करतात. प्राचार्य निवृत्त झाले, नवी भरती परवानगीत अडकली, की संस्थाचालक म्हणतात, 'तोपर्यंत मॅडम बघतील.' मॅडम बघतात. पगारबिलं, परीक्षा, विद्यापीठाची पत्रं, विद्यार्थी संघटनांचे मोर्चे, सगळं. कायम नेमणुकीची जाहिरात निघाली की मुलाखतीत त्याच मॅडमना विचारतात, 'घरी कोण कोण असतं? रात्री-अपरात्री यावं लागलं तर जमेल?' दोन वर्षं काय करत होत्या त्या? आणि नेमणूक होते ती कुठल्या तरी सरांची, ज्यांच्या घरी कोण असतं हे कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून 'पहिल्या महिला अमुक-तमुक' अशा बातम्या फॉरवर्ड करायचं मी थांबवलंय. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या बेगम होत्या, १९२० मध्ये. तिथल्या पहिल्या महिला कुलगुरू नेमल्या गेल्या २०२४ मध्ये! एकटी बाई वर गेली म्हणून मागचा जिना आपोआप रुंद होत नाही.

मला हव्यात त्या गोष्टी अगदी कोरड्या आहेत. नॅक समन्वयकाच्या कामाला बढतीत गुण द्या. प्राचार्यपदाच्या प्रत्येक भरतीनंतर अर्ज किती बायकांचे आले, मुलाखतीला किती बोलावल्या, शिफारस कितींची झाली, हे वेबसाइटवर टाका. घरच्यांची चौकशी करायचीच असेल तर सगळ्या उमेदवारांची करा.

आणि तुम्ही एक करा. तुमच्या महाविद्यालयात आजवर किती बायका प्राचार्य झाल्या आणि त्यातल्या प्रभारी किती, ते खाली लिहा. महिला महाविद्यालयं धरायची नाहीत.