‘अळीची लस’ या दाव्यातले खरे आणि खोटे

नोव्हाव्हॅक्स या अमेरिकी कंपनीच्या परवान्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘कोव्होव्हॅक्स’ या कोविड लशीबद्दल एक दावा व्हॉट्सॲपवर फिरत असतो: ही लस अळ्यांपासून बनते, तिच्यातले विषाणूचे जनुक आपल्या पेशींत कायमचे राहते, तिच्यातले प्रथिन कृत्रिम आहे आणि वर त्यात साबणाचे रसायन मिसळले आहे. यातले प्रत्येक विधान कोठल्या तरी खऱ्या गोष्टीवरून उचललेले आहे; म्हणूनच ते तपशिलात तपासायला हवे.

अळीचा संबंध खराच आहे. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे 2018 पासून आपल्या मक्यावर तुटून पडलेली लष्करी अळी, हिच्या कोशातील अंडाशयाच्या पेशी 1970च्या दशकात वेगळ्या करण्यात आल्या. त्यांच्यापासून निघालेल्या ‘एसएफ-9’ पेशी तेव्हापासून पोषक द्रवात वाढवल्या जात असल्याने लशीसाठी आज एकही अळी लागत नाही. करोना विषाणूच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनाचे जनुक बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूत बसवले जाते, तो विषाणू या पेशींत शिरतो आणि पेशी ते प्रथिन तयार करतात. (हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी शेतकरी फवारतात ते एचएएनपीव्ही हे विषाणूंचे कीटकनाशक याच कुळातले.) माणसाच्या पेशींत हा विषाणू वाढत नाही.

म्हणजे जनुक लागते ते कारखान्यातल्या पेशींना. टोचायचे असते ते शुद्ध केलेले प्रथिन, एका मात्रेत 5 मायक्रोग्रॅम. त्या पेशींच्या आणि बॅक्युलोव्हायरसच्या प्रथिनांचे व डीएनएचे अत्यल्प अंश लशीत उरू शकतात, हे उत्पादकही लपवत नाहीत. मात्र काटेरी प्रथिनापासून डीएनए तयार होत नाही. शरीर त्याचे तुकडे करून ते प्रतिकारपेशींना ओळखायला देते.

‘कृत्रिम’ हा आक्षेप तर उलटाच आहे. मूळ काटेरी प्रथिन अस्थिर असते आणि पेशीत शिरताना त्याचा आकार पालटतो, तर उपयुक्त प्रतिपिंडे मुख्यतः पालटण्यापूर्वीच्या आकाराविरुद्ध हवी असतात. तो आकार टिकून राहावा म्हणून 986 आणि 987 या स्थानांवरील अमिनो आम्लांच्या जागी प्रोलीन हे दुसरे अमिनो आम्ल घातले गेले आणि फ्युरिन हे विकर जेथे प्रथिन कापते ती जागाही बदलली गेली. हा बदल लशीचा दोष नव्हे. तिच्या रचनेतले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम तेच आहे.

राहिला साबण. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतून मिळणारे सॅपोनिन, जे आपल्या रिठ्यातही असते, प्रतिकारशक्तीला चेतवण्यासाठी लशीत घातले जाते. मोकळे सॅपोनिन पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटून तांबड्या पेशी फोडते. म्हणूनच येथे ते आधीच कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिडसोबत सूक्ष्म कणांत बांधलेले असते.

या लशीविषयी खरोखर विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. याच रचनेच्या नोव्हाव्हॅक्स लशीनंतर क्वचित हृदयस्नायूचा दाह आढळला असून तशी सूचना अमेरिकेतील व युरोपातील माहितीपत्रकांत दिलेली आहे. फिरणाऱ्या संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नसतो.